खांदेरीचा दिवा

वर्धा, वणा, धाम आणि यशोदा या नद्यांचे पाणी पूर्वेकडे वाहते. वर्धा वैनगंगेस मिळाली म्हणजे तिची प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीच्या पोटात शिरते, आणि गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली पूर्वसमुद्रास जाऊन मिळते. निसर्गाने वर्धा जिल्ह्याचे तोंड अशा रीतीने पूर्वेकडे केले आहे. परंतु व्यापाराने ते दीडशे वर्षांपूर्वी पश्चिमेकडे वळविले. नागपूर जिल्ह्यातून वेगळा काढून वर्धा हा स्वतंत्र जिल्हा १८६२ साली करण्यात आला. १८६६ साली पालकवाडी नावाच्या खेड्याच्या जागी त्याचे मुख्य ठाणे वसले, आणि १८६७ साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा रस्ता भुसावळ, बडनेरा, वर्धा असे मुक्काम करीत नागपुरास येऊन पोचला. अमेरिकेत १८६१ पासून १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले होते. त्या काळात इंग्लंडातील गिरण्यांस अमेरिकन कापूस मिळेनासा झाला, आणि हिंगणघाटच्या कापसाचे नाव तर त्या बाजारात सर्वांच्या तोंडी होते. तेव्हा रुळांचा रोख या काळ्या जमिनीकडे का झाला हे निराळे सांगावयास नको.

आगगाडी आली आणि वर्ध्याचा कापूस मुंबईच्या बंदरात जाऊन जहाजावर चढू लागला. सुवेझचा कालवा खुला झाला तो १८६९ च्या नोव्हेंबरात. तोपर्यंत विलायतेस जाणारा जड माल आफ्रिकेला वळसा घालूनच जात असे. बंदर सोडून दक्षिणेच्या वाटेस लागलेल्या अशा जहाजास मुंबईच्या आसमंतातली जी शेवटची खूण डाव्या हाताला दिसे, ती खांदेरी नावाच्या एका लहानशा खडकाळ बेटाची. आणि योग असा की, ज्या १८६७ साली आगगाडी नागपुरास पोचली, त्याच साली खांदेरीवर दीपगृहाचा दिवा लागला. एकाच व्यापाराची ही दोन टोके होत. वर्ध्याच्या माणसाने ज्याने समुद्र कधी पाहिला नाही त्यानेही खांदेरीस अगदीच परकी समजू नये, ते एवढ्यासाठी.

आज तेथे जावयाचे तर मार्ग कठीण नाही. वर्ध्याहून रात्रीच्या गाडीने निघावे, साडेसातशे किलोमीटरांचा लोहमार्ग झोपेत संपवावा, आणि सकाळी मुंबईत उतरून अपोलो बंदराकडे वळावे. तेथून मांडव्यास लाँच जाते. पावसाळ्यात या लाँच बंद असतात. मात्र २०२० सालापासून भाऊच्या धक्क्यावरून मोटारींसह उतारू नेणारी मोठी बोट सुरू झाली आहे. मांडव्याच्या लांबच लांब धक्क्यावरून चालताना पायाखाली फळ्या, त्याखाली खांब आणि खांबांखाली खळाळणारे पाणी हा अनुभव पठारावरच्या माणसास नवा असतो. पुष्कळांना त्या चालीतच अर्धा समुद्र पाहिल्यासारखा वाटतो. मांडव्याहून अलिबागच्या रस्त्याला लागले म्हणजे अलिबागच्या अलीकडे थळ हे गाव लागते.

थळ हे कोळ्यांचे गाव. किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या, वाळत घातलेली जाळी, बांबूंच्या आडव्या दोरीवर टांगलेली बोंबलांची रांग, हे त्याचे नित्याचे रूप. जवळच खुबलढा नावाच्या लहान किल्ल्याचे अवशेष आहेत. गावाच्या हद्दीला लागून, थळ-वायशेत येथे, रासायनिक खतांचा मोठा सरकारी कारखाना आहे व तेथे युरिया तयार होतो. विदर्भातल्या शेतकऱ्याने आपल्या पऱ्हाटीच्या बुडाशी जो युरिया घातला त्यातला काही या थळच्याच किनाऱ्याचा असेल. म्हणजे पूर्वी तिकडचा माल इकडे येत असे, आता इकडचा तिकडे जातो. थळच्या वाळूवर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले की दोन बेटे दिसतात. जवळचे, चपटे आणि तटाने वेढलेले ते उंदेरी. त्याच्या पलीकडचे, दोन लहान टेकड्यांचे, आणि एका टेकडीवर उंच पांढरा मनोरा असलेले ते खांदेरी. इंग्रजांच्या जिभेला ही नावे जड गेली, म्हणून त्यांनी आपल्या दप्तरात त्यांचे ‘हेनरी आणि केनरी’ असे नामकरण करून टाकले. ही दोघे भाऊ कोण असा प्रश्न त्या दप्तरांच्या नंतरच्या वाचकांस पडला असल्यास नवल नाही.

खांदेरीच्या दक्षिणेकडील टेकडीची उंची तीस मीटरांच्या सुमाराची. सह्याद्रीत अशा टेकडीस कोणी नावही देणार नाही. परंतु समुद्रावर उंचीचा हिशेब निराळा असतो. पृथ्वी वाटोळी असल्यामुळे मनुष्याला क्षितिज किती दूर दिसावे हे त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर अवलंबून असते. त्याचे ठोकळ गणित असे: उंची मीटरांत घेऊन तिचे वर्गमूळ काढावे व त्यास साडेतीनाने गुणावे, म्हणजे क्षितिजाचे अंतर किलोमीटरांत मिळते. तिसाचे वर्गमूळ साडेपाचाच्या आत-बाहेर; त्यास साडेतीनाने गुणिले की एकोणीस येतात. म्हणजे खांदेरीच्या माथ्यावर बसलेल्या पहारेकऱ्यास एकोणीस किलोमीटरांपर्यंतच्या पाण्याचा पृष्ठभाग दिसणार. आणि जहाजांची डोलकाठी उंच असल्यामुळे जहाज त्याहूनही पुष्कळ दूर असताना शीड दिसणार. मुंबई बंदराचे मुख या टापूत येते. बंदरात कोण शिरले, कोण बाहेर पडले, हे खांदेरीवरून बसल्या जागी कळते. या बेटासाठी जे रक्त सांडले त्याचे सारे कारण या एका त्रैराशिकात सामावलेले आहे.

शिवाजीमहाराजांस हे गणित पाटीवर मांडावे लागले नसेल, पण त्याचे उत्तर त्यांस ठाऊक होते. जंजिऱ्याचा सिद्दी हा त्यांचा समुद्रावरचा कायमचा शत्रू. सिद्दीचे आरमार पावसाळा काढावयास मुंबईच्या बंदरात येऊन राही, इंग्रज त्यास आसरा देत, आणि पाऊस सरताच ते आरमार कोकणच्या मराठी गावांची धूळधाण करीत सुटे. मुंबईचे बेट इंग्रजांकडे आले होते ते पोर्तुगालच्या राजकन्येच्या आंदणातून. १६६१ च्या विवाहकरारात ते इंग्लंडच्या राजास मिळाले व १६६८ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेले. खांदेरी आपल्याच मुंबईच्या हद्दीतली, असे कंपनीचे म्हणणे. महाराजांनी १६७२ साली या बेटावर किल्ला बांधण्याचा पहिला प्रयत्न केला. इंग्रज आणि सिद्दी या दोघांनी मिळून हरकत घेतल्यामुळे तो सोडून द्यावा लागला. सात वर्षांनी त्यांनी तो पुन्हा हाती घेतला, आणि या वेळी सोडला नाही.

१६७९ च्या ऑगस्टात, पावसाळा पुरता सरला नसताना, मायनाक भंडारी हा सरदार काही माणसे, थोडे बांधकामाचे सामान आणि हलक्या तोफा घेऊन खांदेरीवर उतरला. ज्या दिवसांत शहाणा नाखवा होडी पाण्यात लोटीत नाही, ते दिवस त्याने मुद्दाम निवडले. कारण त्या दिवसांत इंग्रजांची जहाजेही नांगर टाकून बसलेली असत. मुंबईकरांस बातमी लागली तेव्हा दगडावर दगड चढू लागला होता. बेट खाली करा, असा निरोप इंग्रजांनी धाडला. धन्याच्या हुकमाने येथे आलो आहो, त्याच्या हुकमावाचून हलणार नाही, अशा अर्थाचे उत्तर मायनाकाने दिले. सप्टेंबरात इंग्रजांच्या होड्या बेटास घेरा घालून बसल्या. त्यांच्यापैकी थॉर्प नावाचा अधिकारी आपल्या माणसांसह किनाऱ्यास उतरावयास गेला आणि मराठ्यांच्या माऱ्यात ठार झाला. हा खांदेरीसाठी पडलेला पहिला इंग्रज अधिकारी.

नंतर १८ ऑक्टोबरची लढाई झाली. ही तारीख इंग्रजांच्या त्या काळच्या जुन्या पंचांगाची आहे. आजच्या पंचांगाने ती दहा दिवस पुढे धरली पाहिजे. दौलतखानाच्या हाताखाली मराठ्यांची पन्नास-साठ लहान-मोठी गलबते पहाटे किनाऱ्याकडून इंग्रजांवर चालून आली. इंग्रजांकडे ‘रिव्हेंज’ हे एक मोठे लढाऊ जहाज आणि बाकीची लहान अशी एकूण आठांच्या सुमाराची तुकडी होती. ‘डोव्ह’ नावाच्या त्यांच्या गुराबेने निशाण उतरविले व ती मराठ्यांच्या हाती लागली. तिच्यावरील गोरे शिपाई कैद झाले. इतर लहान होड्या पांगल्या. पण रिव्हेंजवर मिंचिन व केग्विन हे दोघे खंबीर अधिकारी होते. त्यांनी एकट्याने तोफा चालवून मराठ्यांची पाच गलबते बुडविल्याचे इंग्रज लिहितात, आणि मराठी आरमार माघारी फिरले ही गोष्ट खरी आहे. अभिमानाच्या भरात या लढाईचे वर्णन निर्भेळ विजय म्हणून करण्याची चाल आपल्याकडे पडली आहे. ती बरी नव्हे. त्या दिवशी दौलतखानाने एक जहाज धरले आणि समुद्र मात्र इंग्रजांकडेच राहिला, असे म्हणणे सत्याला अधिक धरून होईल. याच केग्विनने पुढे १६८३ साली कंपनीविरुद्धच बंड करून मुंबई आपल्या ताब्यात घेतली आणि वर्षभर राजाच्या नावाने कारभार केला, ही मौज येथे जाता जाता सांगण्यासारखी आहे.

मग खांदेरी मराठ्यांकडे राहिली ती कशी? समुद्र शत्रूच्या हाती, बेटावर गोड पाण्याचा व दाण्याचा तुटवडा, तट अर्धामुर्धा, आणि वर तोफांचा मारा. अशा बेटाने महिन्याभरात हात टेकावयास हवे होते. ते टेकले नाहीत याचे कारण थळच्या किनाऱ्यावर शोधावे लागते. इंग्रजांची जहाजे मोठी, खोल बुडाची आणि सर्वस्वी वाऱ्यावर अवलंबून. वारा पडला की ती जागच्या जागी डुलत राहावयाची. कोळ्या-भंडाऱ्यांच्या होड्या निमुळत्या, उथळ बुडाच्या आणि वल्ह्यांवर चालणाऱ्या. वारा असो वा नसो, त्यांचे काम अडत नसे. चांदणे मावळले, मोठ्या जहाजांवरचा पहारा पेंगुळला, की या होड्या काळोखात किनारा सोडीत. पावसाळा सरल्यावर पहाटे जमिनीकडून समुद्राकडे जो मंद वारा वाहतो त्यास कोळी लोक मतलई म्हणतात. तो पाठीशी घेऊन त्या बेटास लागत, दाणा, पाणी, दारूगोळा, चुना उतरवीत आणि उजाडण्यापूर्वी परत फिरत. खडक कोठे आहेत, भरतीला कोणत्या फटीतून होडी आत घालता येते आणि ओहोटीला कोणत्या दगडावर ती फुटते, हे ज्ञान त्यांना पिढीजात होते; इंग्रजांच्या नकाशात ते नव्हते. आमच्या डोळ्यांदेखत या होड्या निसटून जातात व आम्हांस त्या गाठता येत नाहीत, अशी तक्रार मुंबईच्या इंग्रजांनी आपल्या वरिष्ठांकडे वारंवार केली. शत्रूच्या तक्रारीइतका विश्वासू साक्षीदार इतिहासात क्वचितच मिळतो.

असे सप्टेंबर गेला, ऑक्टोबर गेला, नोव्हेंबरात सिद्दी कासम आपले आरमार घेऊन इंग्रजांच्या मदतीस आला, तरीही तट वाढतच राहिला. बेटावर त्या तटाचे दगड रचणारे गवंडी, पाथरवट आणि मजूर कोण होते? दिवसा गोळे चुकवीत आणि रात्री चुना मळीत त्यांनी भिंत चढविली. त्यांतले किती मेले याची नोंद कोणी ठेवली नाही. वल्ही मारणाऱ्यांचीही नाही. इंग्रजांच्या कागदांत थॉर्प आहे, मिंचिन आहे, केग्विन आहे. मराठ्यांकडचे दौलतखान आणि मायनाक आहेत, कारण त्यांच्याशी लढावे किंवा बोलावे लागले. ज्यांच्याशी बोलण्याचा प्रसंग आला नाही, अशी थळची शेकडो माणसे त्या कागदांतून गळून गेली. आणि लढाई जिंकली ती वस्तुतः त्यांनी.

सुरतेच्या इंग्रज वरिष्ठांना खर्च डोईजड झाला होता. व्यापाऱ्याला लढाई परवडते कोठवर, याचा हिशेब त्यांनी केला आणि १६८० च्या जानेवारीअखेर आपली जहाजे काढून घेतली. सिद्दी मात्र स्वस्थ बसला नाही. त्याच जानेवारीत त्याने शेजारचे उंदेरी बळकावले व तेथे तोफा चढविल्या. दौलतखानाने त्याच्यावर हल्ला केला; त्यात मराठ्यांची बरीच हानी होऊन तो स्वतः जखमी झाला. मार्चात इंग्रजांशी तह झाला आणि ३ एप्रिल १६८० रोजी महाराज निवर्तले. खांदेरी हा त्यांच्या हयातीतला अखेरच्या लढायांपैकी एक मोठा डाव होय, आणि तो त्यांनी रायगडावरून, एका गावच्या वल्हेकऱ्यांच्या भरवशावर खेळला.

पुढे ऐंशी वर्षे खांदेरी मराठ्यांची आणि उंदेरी सिद्दीची, अशी ही दोन बेटे हाकेच्या अंतरावरून एकमेकांवर तोफा रोखून बसली. १७१३ साली पेशवा बाळाजी विश्वनाथ याने कान्होजी आंग्र्यांशी जो तह केला त्यात खांदेरी आंग्र्यांकडे आली. १७१८ च्या नोव्हेंबरात मुंबईचा गव्हर्नर बून याने तिच्यावर मोठी चढाई केली आणि हात हलवीत परत गेला. कान्होजी १७२९ साली वारले. उंदेरी अखेर १७६० साली मराठ्यांनी घेतली, आणि १८१८ साली पेशवाई बुडाल्यावर खांदेरी इंग्रजांकडे गेली. एकशे एकोणचाळीस वर्षांपूर्वी जे बेट तोफांनी मिळाले नाही ते शेवटी एका कागदाने मिळाले.

आता दिव्याकडे वळू. मुंबईचा व्यापार वाढला तसे तिच्या तोंडाशी दिवे लावणे भाग पडले. कुलाब्याच्या दांड्यावर अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातच दीपगृह उभे राहिले होते. पण दक्षिणेकडून येणाऱ्या जहाजास बंदराची वाट त्याहून आधी कळावयास हवी होती. त्यासाठी जागा शोधताना इंग्रज इंजिनियरांची नजर जेथे गेली ती जागा मायनाकाची होती. दुमजली घराच्या माथ्यावर चढविलेला अष्टकोनी मनोरा सुमारे पंचवीस मीटरांचा. खाली टेकडी तीस मीटरांच्या आसपासची. म्हणजे दिवा समुद्रापासून जवळजवळ पन्नास मीटरांवर. पुन्हा तेच गणित: पन्नासाचे वर्गमूळ सात, साताला साडेतिनाने गुणिले की साडेचोवीस. जहाजाच्या डेकावर नऊ मीटर उंचीवर उभ्या असलेल्या खलाशाच्या क्षितिजाचे साडेदहा त्यात मिळवावे. पस्तीस किलोमीटरांवरून त्यास खांदेरीचा दिवा पाण्याच्या कडेवर उगवताना दिसू शकतो. ज्या कारणाने हे बेट पहाऱ्यास उत्तम, त्याच कारणाने ते दिव्यास उत्तम. दुसऱ्यास पाहावे म्हणून एकाने तेथे माणूस बसविला; दुसऱ्याने आपणास पाहावे म्हणून दुसऱ्याने तेथे दिवा बसविला.

दीपगृहाची शक्ती केवळ ज्योतीत नसते. साधी ज्योत चहूकडे प्रकाश फेकते व त्यातला बहुतेक आकाशात आणि जमिनीत वाया जातो. ऑगस्टिन फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने काचेच्या कड्यांचे भिंग तयार केले. एकात एक अशा बसविलेल्या या लोलकांच्या कड्या इतस्ततः जाणारे किरण वळवून ते एका आडव्या झोतात आणतात. १८२३ साली फ्रान्समधील कोर्दुआँ येथील दीपगृहात हे भिंग प्रथम लागले, आणि जगातील दीपगृहांचे युगच बदलले. प्रारंभी वनस्पतींचे तेल, नंतर घासलेटाची वाफ आणि शेवटी वीज, अशी ज्योत बदलत गेली. भिंगाचे तत्त्व तेच राहिले. प्रत्येक दिव्याची उघडझाप ठरलेली असते. किती सेकंदांनी किती वेळा चमकला हे मोजून खलाशी ओळखतो की हा अमुक दिवा, तमुक नव्हे. खांदेरीच्या उत्तरेस, कुलाब्याच्या टोकापासून समुद्रात शिरलेल्या खडकांवर, टॉमस ऑर्मिस्टन या इंजिनियराने बांधलेले प्राँग्ज दीपगृह १८७५ साली लागले. तेव्हापासून मुंबईच्या वाटेवर या दोन दिव्यांची जोडी आहे.

हल्ली जहाजांस रडार आहे, उपग्रह आहेत. मग मनोऱ्यावरच्या दिव्याचे काम काय, असे कोणी विचारील. २०१० च्या ऑगस्टात याच मुंबईच्या तोंडाशी दोन मोठी जहाजे एकमेकांवर आदळली, एकावरील पेट्या समुद्रात वाहत गेल्या आणि तेलाचा तवंग किनाऱ्यावर पसरला. दोन्हीवर नवी यंत्रे होतीच. शिवाय थळच्या सगळ्याच होड्यांवर यंत्रे असत नाहीत. पहाटे परतणाऱ्या होडीचा तांडेल आजही मान वर करून पाहतो.

खांदेरीस जावयाचे तर थळच्या कोळ्याशी होडी ठरवावी लागते. भरती-ओहोटीचा विचार तोच करतो. पाहुण्याने त्यात बोलू नये. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमाराचे उधाण आणि अष्टमीच्या आसपासचे भांग यांत पाण्याच्या चढउताराचा फरक मोठा असतो. होडी उंदेरीच्या जवळून जाते. तेथल्या तटाचे दगड लाटांनी झिजून अणकुचीदार झाले आहेत, आणि धक्का नसल्याने तेथे उतरणे जिकिरीचे. खांदेरीस मात्र दोन टेकड्यांच्या मधल्या खोबणीत धक्का आहे. त्यावर पाय ठेवला की मघाच्या इतिहासातली फट ती हीच असावी असे वाटल्यावाचून राहत नाही.

धक्क्याजवळच वेताळाचे स्थान आहे. मूर्ती नव्हे, एक थोरली शिळा, तिच्यावर रंग चढविलेला. ही शिळा दरवर्षी वाढते अशी कोळ्यांची श्रद्धा आहे. किल्ला येण्याच्या आधीपासून हा वेताळ येथे आहे, असे ते मानतात, आणि किल्ल्याचे धनी तीनदा बदलले तरी त्याचा पुजारी बदलला नाही. दीपगृह बांधणाऱ्या इंग्रजांनी वेताळास हात लावला नाही, ही शहाणपणाची गोष्ट केली. कारण दिव्याला लागणारे तेल आणि दिवा राखणाऱ्यांचे अन्न ज्या होड्यांतून यावयाचे त्या होड्या वेताळाच्याच होत्या.

पुढे तटाच्या कडेने वाट जाते. बुरुज अजून ताठ आहेत. कित्येक ठिकाणी लोखंडी चाकांच्या गाड्यांवर बसविलेल्या तोफा गंजत पडल्या आहेत. अशा गाड्यांसह तोफा इतर किल्ल्यांवर फारशा आढळत नाहीत. एक खडक असा आहे की त्यावर दुसरा दगड आपटला असता भांड्यासारखा नाद निघतो, आणि मुले आली की ती तेथून हलत नाहीत. त्यापुढे पायऱ्या चढून गेले म्हणजे दीपगृह. वरून उत्तरेस मुंबईच्या उंच इमारती धुरकट दिसतात, पूर्वेस थळचा किनारा व कारखान्याची धुरांडी, दक्षिणेस अलिबागचा कुलाबा किल्ला. येथे उभे राहिले म्हणजे १६७९ चे भांडण समजावयास पुस्तक लागत नाही.

या बेटास १९९८ साली कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले आणि दिव्यासही तेच. मुंबईतील नौदलाचा तळ १९५१ पासून आंग्रे या नावानेच ओळखला जातो. कान्होजी थोर दर्यावर्दी, त्यांच्याविषयी वाद नाही. परंतु खांदेरी बांधली आणि राखली ती मायनाकाने, आणि एखाद्या पायरीला तरी त्याचे नाव असते तर ते शोभले असते. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा म्हणून मराठ्यांचे जे बारा किल्ले युनेस्कोने निवडले, त्यांत खांदेरी आहे. आता पाहुणे वाढतील. त्यांना दाखविणारा वाटाड्या तोफा दाखवील, वाजणारा दगड दाखवील, दिवा दाखवील. वल्ह्यांची गोष्ट त्याने सांगितली नाही तर त्यास दोष देता येणार नाही, कारण ती कोठे लिहून ठेवलेली नाही. ती विचारावयाची तर परतीच्या होडीत, सुकाणूवर बसलेल्या नाखव्यालाच विचारली पाहिजे. ओहोटी लागण्यापूर्वी तो हाक मारतो. पाणी उतरू लागले की धक्क्यापाशी होडीचा तळ दगडास लागतो, आणि मग पुढच्या भरतीपर्यंत बेटावरच बसावे लागते.